हरणांचे डोळे आलेत, गव्हाणी उचला

वन्यजीव विभागांचे अधिकारी, राष्ट्रीय उद्यानांचे व्यवस्थापक आणि रानातल्या हरणांची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्या सर्वांना,

सप्रेम नमस्कार.

मी पशुवैद्य आहे. गायीगुरं आणि शेळ्यामेंढ्या हे माझं रोजचं काम. रानातली जनावरं वाट्याला येतात ती कुणी बोलावलं तरच. पत्राची सुरुवात एका पाडसापासून करते, कारण माझी चूक तिथेच झाली.

थंडी सरत आली होती. कुरणाच्या कडेला हरणांसाठी चाऱ्याच्या गव्हाणी मांडल्या होत्या आणि वर्षाच्या आतलं एक पाडस त्यातल्या एकीला जवळजवळ टेकून उभं होतं. डावा डोळा दुधाळ निळा. उजवा अर्धवट मिटलेला, उन्हाकडे तोंड झालं की पुरता मिटायचा. दोन्ही डोळ्यांखालचे केस भिजून गालाला चिकटले होते आणि ती काळपट धार तोंडाच्या कोपऱ्यापर्यंत उतरली होती. चालताना ते पाय उगाचच उंच उचलत होतं, प्रत्येक पावलाला पायरी असावी तसं. कान मात्र क्षणभरही स्वस्थ नव्हते. मी पंचवीस-तीस पावलांवर उभी होते आणि त्याला माझा पत्ताच नव्हता. माझ्या बुटाखाली वाळकी काडी मोडली तेव्हा कुठे त्यानं मान वळवली, तीही थोडी चुकीच्या दिशेला.

मला भडभडून आलं. तिथल्या कर्मचाऱ्यांना मी म्हणाले, गव्हाणी भरलेल्या ठेवा, बिचाऱ्याला खाण्यासाठी हिंडायला नको. त्यांनी तसं केलं. त्या पाडसाच्या दोन्ही बाजूंनी दुसरी हरणं तोंड घालून खात होती, गालाला गाल घासत होता, आणि मी ते तिथे उभी राहून बघत होते. आठवडाभरात आणखी काही हरणांच्या गालांवर तीच ओली धार दिसायला लागली.

गायीचे डोळे आले की तिला वेगळी बांधा, हे मी गोठ्यांमधून इतक्यांदा सांगितलंय की मोजदाद नाही. रानाच्या कडेला गेल्यावर तेच माझ्या लक्षात आलं नाही, कारण समोरचं पाडस उपाशी दिसत होतं. नंतर मी या आजाराबद्दल मिळेल ते वाचलं आणि रानात काम करणाऱ्या पशुवैद्यांशी बोलले. तेव्हा कळलं, की माझ्यासारखी चूक जागोजागी होते आणि ती बहुतेक वेळा चांगल्या माणसांकडून होते.

माझं मागणं एकच आहे. हरणांमध्ये डोळ्यांची साथ दिसली की त्यांना एका जागी गोळा करणारं जे जे आपण मांडून ठेवलंय ते उचला, आणि मग त्यांना निवांत राहू द्या. पुढे जे लिहिलंय ते हे का, आणि हे करताना काय सांभाळायचं, एवढ्यासाठी.

आधी आजार नीट समजून घेऊ. आपण ज्याला डोळे येणं म्हणतो, त्याच जातीचं हे दुखणं; फक्त इथे पापणीच्या आतल्या अस्तरापाशी ते थांबत नाही, बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यालाही धरतं. शास्त्रीय नाव संसर्गजन्य केरॅटोकंजंक्टिव्हायटिस. पहिल्या एक-दोन दिवसांत डोळ्यातून पाणी गळतं, पापणी सुजते, उजेड सोसत नाही. मग चिपडं येतात, पू येतो, आणि पडद्यावर पांढुरकी छटा चढते. गुराखी म्हणतात, डोळ्यात फूल पडलं. पुढे पडद्याच्या कडेकडून लाल रक्तवाहिन्यांचं जाळं आत सरकतं. पाहणाऱ्याला वाटतं डोळा आता गेलाच, पण बऱ्याचदा ती दुरुस्तीची सुरुवात असते; शरीर त्याच वाटेनं जखमेपर्यंत रसद पोचवत असतं. खरा धोका त्यापलीकडे आहे. पडद्यावर व्रण पडला, तो खोल गेला आणि पडदा फाटला, तर तो डोळा परत येत नाही.

पुष्कळ जनावरं त्या टोकाला जाण्याआधीच मागे फिरतात. काही आठवड्यांत डोळा निवळतो, फार तर एक निळसर डाग मागे राहतो. कुणीही औषध न घालता. या वाक्यावर कृपया थोडं थांबा, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर उभे आहेत.

हा आजार सहसा स्वतः जीव घेत नाही, आंधळेपण घेतं. हरणाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, बाहुली आडवी असते आणि मान न वळवता त्याला जवळजवळ चोहीकडचं दिसतं. ते सगळं एकदम गेलं की ते स्वतःभोवती गोल फिरत राहतं, कड्यावरून पडतं, पाण्यात शिरतं, रस्त्यावर येतं, चरता न आल्यानं खंगतं, आणि शिकाऱ्याची चाहूल त्याला फार उशिरा लागते. एक डोळा शाबूत असेल तर मात्र ते निभावून नेऊ शकतं. म्हणून दोन्ही डोळे एकाच वेळी मिटलेले असतानाचे ते थोडे दिवस फार मोलाचे असतात. त्या दिवसांत त्याला पळायला लागू नये, ही सगळ्यात मोठी मदत.

आता हे कशामुळे होतं ते. इथे एकच गुन्हेगार नाही. स्वीडनमधल्या रेनडिअरांच्या डोळ्यांच्या साथीचं वर्णन आर्ने बर्गमन यांनी १९१२ साली केलं. त्यानंतर अनेक दशकं अशा डोळ्यांतून निरनिराळे जिवाणू सापडत राहिले आणि दोष त्यांच्याकडे जात राहिला. २००९ साली नॉर्वेतल्या ट्रॉम्स भागातल्या एका साथीचा अभ्यास मॉर्टेन ट्रायलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला, आणि त्यात मूळ कारण निघालं एक हर्पीस विषाणू, सर्व्हिड हर्पीसव्हायरस २. माणसाला नागीण ज्या कुळातल्या विषाणूमुळे होते त्याच कुळातला हा. नागिणीची खोड आपल्याला माहीत आहे: विषाणू मज्जातंतूंत वर्षानुवर्षं दडून बसतो आणि शरीरावर ताण आला की उठतो. रेनडिअरमधला हा विषाणूही तसाच दडतो, तसाच उठतो. स्कॉटलंडमध्ये पाळीव लाल हरणांच्या डोळ्यांच्या आजारातही १९८०च्या दशकात याच कुळातला दुसरा विषाणू मिळाला होता. अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात म्यूल डिअर जातीच्या हरणांचे असे डोळे आले, आणि तिथल्या तपासण्यांमध्ये मोराक्सेला या जिवाणूचं नाव पुढे आलं. गायींच्या डोळ्यांमुळे ते आम्हा पशुवैद्यांच्या चांगलं परिचयाचं आहे. आल्प्स आणि पिरेनीज पर्वतांत शॅमॉय आणि आयबेक्स यांच्यात साथी येतात त्या मायकोप्लाझ्मा कंजंक्टिव्ही या सूक्ष्म जिवाणूमुळे. शॅमॉय आणि आयबेक्स ही हरणं नव्हेत, शेळ्यामेंढ्यांच्या कुळातली जनावरं आहेत, हे मला माहीत आहे. पण रानातल्या डोळ्यांच्या साथीबद्दल सर्वांत जास्त शिकायला मिळालं आहे ते त्यांच्याकडूनच, म्हणून त्यांचं उदाहरण मी पुढेही घेणार आहे.

इतकी नावं एवढ्याचसाठी घेतली, की जंतू वेगवेगळे असले तरी त्यांचा रस्ता एकच आहे. आजारी डोळ्याचं पाणी, नाकाचा शेंबूड, जवळून आलेला श्वास, आणि एका डोळ्यावरून उठून दुसऱ्या डोळ्यावर बसणारी माशी. या सगळ्यांना एक गोष्ट लागते, जवळीक. म्हणून प्रयोगशाळेचा अहवाल हातात पडण्याची वाट न बघता पहिलं पाऊल उचलता येतं. जंतू कोणता हे ठरायला दिवस जातील. गव्हाण त्याच संध्याकाळी उचलता येते.

रानात हरणं एकमेकांपासून अंतर ठेवून चरतात. एक झुडूप खुडायचं, चार पावलं पुढे जायचं, दुसरं खुडायचं. गव्हाणीपाशी तीच हरणं खांद्याला खांदा लावून उभी राहतात, दांडगी दुबळ्यांना ढकलतात, आणि पाडसांना सगळ्यात शेवटी, सगळ्यांची तोंडं लागलेलं उरतं. स्कँडिनेव्हियात रेनडिअर पाळणाऱ्यांनी हे पुरतं अनुभवलंय. हिवाळ्यात बर्फाचा थर कडक होऊन खालचं दगडफूल मिळेनासं झालं, की कळप कुंपणात घेऊन चारा घालावा लागतो, आणि डोळ्यांच्या साथी अशा दाटीच्या कळपांत उसळतात. सर्वांत जास्त झळ लागते ती लहान वयाच्या जनावरांना. पक्ष्यांमध्येही हेच दिसलं आहे. १९९४पासून अमेरिकेत हाउस फिंच नावाच्या छोट्या पक्ष्यांचे डोळे सुजायला लागले. कारण होतं कोंबड्यांमध्ये आढळणारं एक मायकोप्लाझ्मा, आणि ते पसरायला हातभार लागला लोकांनी प्रेमानं टांगलेल्या दाण्याच्या भांड्यांचा. प्राणी कोणताही असो, एका भांड्यात अनेक तोंडं आली की डोळ्यांची साथ पसरते.

चाटणविटांबद्दल, म्हणजे जनावरांना चाटायला ठेवलेल्या मिठाच्या विटांबद्दल, वेगळं लिहायला हवं, कारण त्या निरुपद्रवी वाटतात. मेंढ्यांसाठी कुरणात मीठ ठेवलं की रानातली जनावरंही तिथे येतात. आल्प्समधल्या उन्हाळी कुरणांवर पाळीव मेंढ्या आणि आयबेक्स-शॅमॉय एकमेकांच्या इतके जवळ येण्याचं हे एक ठरलेलं ठिकाण आहे. मेंढ्यांच्या कळपांत मायकोप्लाझ्मा कंजंक्टिव्ही टिकून राहतं आणि कित्येक मेंढ्यांच्या डोळ्यांत काहीच दिसत नाही. त्या धडधाकट चरत असतात आणि जंतू वाहत असतात. मेंढपाळाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्या मेंढ्यांना काही झालेलंच नसतं, त्याला कळणार कसं? पण मीठ कुठे ठेवायचं, कोणत्या उतारावर कळप कधी न्यायचा, आणि एखाद्या मेंढीचे डोळे आले असतील तर ती बरी होईपर्यंत कळप रानाच्या हद्दीपासून लांब ठेवायचा, हे त्याच्याबरोबर बसून ठरवता येतं. तुमच्या विभागानं पुढाकार घेतला तरच ते घडेल. मेंढपाळ आणि वनरक्षक एका घोंगडीवर बसल्याशिवाय हा प्रश्न सुटत नाही, असं माझं ठाम मत आहे.

आता एक अडचण, आणि ती मी टाळणार नाही. जिथे वर्षानुवर्षं चारा घातला जातोय तिथे तो एका रात्रीत बंद केला तर हरणं उपाशी मरणार नाहीत का? कडाक्याच्या हिवाळ्यात मरू शकतात. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातले जिवाणू त्या त्या चाऱ्याला सरावलेले असतात. खाणं अचानक बदललं की पोट बिघडतं. भुकेल्या हरणापुढे दयेनं धान्याची रास ओतली तर पोटात आम्ल वाढून भरल्या पोटी ते मरतं, हेही मी पाहिलं आहे. म्हणून ज्या ठिकाणी चारा थांबवणं खरोखर शक्य नसेल तिथे गव्हाण काढून टाका आणि तोच चारा मोठ्या पट्ट्यात, लांब लांब, मूठमूठ विखरून टाका. जागा रोज बदला. जेवढी तोंडं तेवढे ढीग, आणि दोन ढिगांत भरपूर अंतर. कष्ट जास्त आहेत, माणसं लागतात. पण खरा निर्णय हिवाळा सुरू होण्याआधी घ्यायचा असतो: या वर्षी गव्हाणी मांडायच्या की नाही. साथ आल्यावर तो घ्यायला लागणं म्हणजे उशीर झालेला असतो.

औषधाबद्दल लोक सर्वांत जास्त विचारतात. "मॅडम, गाईला मलम घालता, मग हरणाला का नाही?" प्रश्न रास्त आहे. गोठ्यातल्या गाईला टेट्रासायक्लिनचं मलम दिवसातून दोन-तीनदा, काही दिवस घालता येतं, लांब टिकणारं इंजेक्शन देता येतं, आणि तिला अंधाऱ्या कोपऱ्यात बांधता येतं. रेनडिअर पाळणारेही हे करतात, कारण त्यांची जनावरं हाताशी असतात. रानातल्या हरणाला मलम एकदा घालायचं तरी त्याला गुंगीचा डार्ट मारावा लागतो किंवा जाळ्यात धरावं लागतं. धरपकडीच्या भीतीनं आणि धडपडीनं हरणाचे स्नायू अक्षरशः तुटतात, अंग तापतं, आणि ते तिथल्या तिथे किंवा काही दिवसांनी, कुणाच्या नजरेआड, मरतं. हरणाची जात याबाबतीत फार नाजूक. एका डोळ्यातल्या एका दिवसाच्या मलमासाठी जीव पणाला लावायचा, मग शुद्धीवर आल्यावर त्याच दाटीत परत सोडायचं! आणि आजार हर्पीसचा असेल तर पाठलागाचा तो ताणच दडलेल्या विषाणूला उठवतो.

मग चाऱ्यातून औषध द्यावं का? कृपा करून नको. कोण किती खाईल यावर कुणाचा ताबा नसतो. दांडगा नर तिप्पट खाईल, आंधळ्या पाडसाला काहीच मिळणार नाही. औषधाला न जुमानणारे जंतू मात्र तयार होतील, आणि ते खाण्यासाठी सगळी हरणं पुन्हा एकत्र येतील. शिवाय औषध चुकीचं निवडण्याची शक्यता मोठी. मायकोप्लाझ्माला पेशीभित्तिकाच नसते, त्यामुळे भित्तिकेवर घाव घालणारं पेनिसिलिन त्याला काहीही करत नाही. विषाणूवर तर कोणतंच प्रतिजैविक चालत नाही.

कुंपणातली हरणं, बचाव केंद्रं, हरीण उद्यानं यांची गोष्ट वेगळी. तिथे आजारी जनावर वेगळं करा, सावली द्या, माश्या आवरा, आणि पशुवैद्याच्या हातानं उपचार करा. एक सूचना तेवढी: बुबुळावर व्रण असताना स्टेरॉइडचे थेंब कुणी घालू नयेत. लाली झटकन उतरते, पण व्रण भरत नाही आणि पडदा फाटतो.

बंदुकीबद्दल लिहिताना हात जड होतो, पण लिहायला हवं, कारण साथ आली की पहिली मागणी तीच असते. आजारी दिसेल ते मारून टाका, साथ संपेल. आल्प्समधला अनुभव असा, की अशा साथीत मृत्यूचं प्रमाण साधारणपणे ५ टक्क्यांच्या आत राहतं, काही साथींत ते ३० टक्क्यांपर्यंत चढलेलं आहे. म्हणजे वाईट साथीतही बहुतेक जनावरं वाचतात. ज्याच्या गालावर आज ओली धार आहे ते पुढच्या महिन्यात बरं होऊन, अंगात थोडी प्रतिकारशक्ती घेऊन कळपात असणार आहे. त्यालाच गोळी घातली तर कळपातलं सर्वांत उपयोगी जनावर आपण काढून टाकलं. शिवाय गोळीच्या आवाजानं बाकीची हरणं उधळतात, आणि त्यातली अर्धी आंधळी असतील तर ती कुठे जाऊन पडतील?

दुसरं टोकही लपवायचं नाही. १९८१-८२च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या उत्तर भागातल्या सुमारे ५०० रानमेंढ्यांपैकी, बिगहॉर्न जातीच्या, जवळजवळ ६० टक्के अशा साथीत गेल्या. जंतू क्लॅमिडिया होता. पण एवढी हानी झाली ती आंधळेपणाला त्या हिवाळी मुलखाच्या उभ्या कड्यांची जोड मिळाली म्हणून, असं अभ्यासकांनी नोंदवलं आहे. जंतूइतकीच जमीनही जबाबदार होती. म्हणून तुमच्या भागात साथ आली तर पहिला प्रश्न असा विचारा, की आंधळं हरीण इथे कशावरून पडेल, कशाखाली येईल? कड्याच्या, महामार्गाच्या, कालव्याच्या बाजूनं त्यांना हुसकलं जाणार नाही एवढं पाहणं हातात असतं.

गोळी लागते ती थोड्यांसाठी. दोन्ही डोळे फुटलेलं, पाठीचा कणा वर आलेला, वाटेवरच कोलमडणारं जनावर ताटकळत ठेवणं निर्दयपणाच. पण हे ठरवणारा माणूस शिकलेला हवा, आणि घाई नको. दुर्बिणीतून एक-दोन दिवस बघा. चरतंय का, वास घेत खाणं शोधतंय का, दुसऱ्या हरणाच्या बाजूला अंग लावून चालतंय का. अंग लावून चालणारं पुष्कळदा तरून जातं.

तपासणीचं थोडं सांगते. सगळी आंधळी हरणं याच आजाराची नसतात. गवताचं कुसळ पापणीखाली अडकतं. थेलाझिया नावाचे पांढरे, दोऱ्यासारखे कृमी डोळ्यात वळवळतात. एल्क जातीच्या हरणांत एलिओफोरा नावाचे कृमी धमन्यांत बसून मेंदूचा रक्तपुरवठा तोडतात, आणि मग डोळा आरशासारखा स्वच्छ असूनही हरीण आंधळं असतं. मॅलिग्नंट कॅटॅरल फीव्हर या विषाणूच्या आजारात दोन्ही बुबुळं पांढरी होतात, पण तिथे ताप असतो आणि जनावर झपाट्यानं जातं. मेंदूच्या आजारातही हरीण गोल फिरतं. म्हणून नमुना हवा, आणि तो पहिल्या दिवसांतला हवा, गाल नुकता ओला झालेला असताना. जुनाट, पुवानं भरलेल्या डोळ्यात ट्रूपेरेला पायोजेनिससारखे मागाहून आलेले जिवाणू माजलेले असतात. प्रयोगशाळेत तेच वाढतात आणि अहवालात मूळ गुन्हेगाराऐवजी त्यांचं नाव येतं. रस्त्यावर नुकतंच मेलेलं किंवा नाइलाजानं मारलेलं हरीण असेल तर खालच्या पापणीच्या आतून कोरडा स्वॅब फिरवा, पीसीआरसाठी थंड ठेवून पाठवा, आणि विषाणूही तपासा असं अर्जावर लिहा. लिहिलं नाही तर सहसा फक्त जिवाणू बघितले जातात. हातमोजे घालाच, यातले काही जंतू आणि कृमी माणसालाही लागू शकतात.

फोटो काढणाऱ्यांना सांगा, दोन्ही बाजूंचे काढा. माझ्याकडे लोकांनी पाठवलेल्या फोटोंपैकी बहुतेकांत हरणाचा एकच गाल असतो, आणि दुसऱ्या डोळ्यावर तर सगळं अवलंबून असतं.

आणि लोकांना खरं सांगा. आंधळं हरीण माणसाळलेलं वाटतं. ते पळत नाही, जवळ जाऊ देतं, क्वचित हातही लावू देतं. त्याचे व्हिडिओ निघतात, मुलं भोवती गोळा होतात, कुणी पोळी पुढे करतं. ते भीतीनं थिजलेलं असतं, पळायचं कुठे हे कळत नसल्यानं उभं असतं. तुमच्या फलकावर एवढं एक वाक्य असलं तरी फरक पडेल: हे हरीण पाळीव नाही, याला दिसत नाही, मागे फिरा. साथीच्या काळात पायवाटा थोड्या आठवड्यांसाठी बंद करा, कुत्री साखळीलाच राहतील असं पाहा, सफारीच्या गाड्या त्या भागातून वळवा. लोक कुरकुर करतील. कारण समजावलं तर ऐकतात, असा माझा अनुभव आहे.

त्या पाडसाचं काय झालं, ते मला नक्की सांगता येत नाही. गव्हाणी शेवटी उचलल्या गेल्या, उशिरा. हरणं दोन-दोन, तीन-तीन करून पांगली. नव्या ओल्या गालांची संख्या हळूहळू कमी झाली. त्यात आपोआप किती आणि गव्हाणी उचलल्यामुळे किती, याचा हिशेब माझ्याकडे नाही. उन्हाळ्यात त्याच कुरणाच्या वरच्या अंगाला मला एक तरुण मादी दिसली. डाव्या बुबुळावर तांदळाएवढा निळसर डाग होता. मी बरीच लांब होते, वारा माझ्याकडे येत होता, आणि तरी तिनं मान वर करून थेट माझ्याकडे पाहिलं आणि एका उडीत झाडीत गेली.

पुढचा हिवाळा यायच्या आत तुमच्या हद्दीत गव्हाणी आणि चाटणविटा कुठे कुठे आहेत, त्यांची यादी करून जाहीर करा. त्यातल्या कोणत्या काढणार, कोणत्या राहणार आणि का, तेही लिहा. मेंढपाळांची एक बैठक घ्या. वनरक्षकांच्या पेटीत चार कोरडे स्वॅब आणि हातमोजे ठेवा, आणि पहिला ओला गाल दिसेल त्याच दिवशी जवळच्या पशुवैद्याला कळवायला सांगा. मला बोलावलंत तर मी येईन.

कळावे,

आपली,
एक पशुवैद्य